थोडं दुखतंय

"तुमच्याकडची माणसं नाजूक. आमचा पेशंट सहन करतो."

मागच्या महिन्यात एक वर्गमित्र फोनवर असं म्हणाला, आणि तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तो भारतात एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत काम करतो, मी इंग्लंडमध्ये ए अँड ईत, म्हणजे तिथल्या तातडीच्या विभागात. निखळलेल्या खांद्याचा विषय निघाला होता. बसवताना काय देता, असं मी सहज विचारलं. बहुतेकदा कमरेत डायक्लोफिनॅक या साध्या वेदनाशामकाचं एक इंजेक्शन आणि धरायला दोन वॉर्डबॉय, तो म्हणाला. खांदा बसतो, माणूस घरी जातो. मी काही बोलायच्या आत त्यानेच विचारलं, "झोपेचं औषध दिल्यावर श्वास थांबला, तर मार कोण खाणार? तू येणार आहेस?"

त्याच्या पहिल्या वाक्याचा मला राग आला. शेवटच्या प्रश्नावर मी गप्प बसले.

आधी रागाबद्दल. सहन करतो म्हणजे काय? दोघांनी दाबून धरलेल्या माणसाला सहन करण्यावाचून दुसरा मार्ग असतो का? वेदनेने खांद्याभोवतीचे स्नायू दगडासारखे आखडतात. मग ओढायला जास्त जोर लागतो, आणि जोर वाढला की हाडाला आणि नसांना इजा होण्याची भीतीही वाढते. औषध न देणं सुरक्षित, हा हिशेब अशा वेळी खोटा ठरतो. न दिलेल्या औषधाने झालेलं नुकसान कोणत्याही रजिस्टरात चढत नाही, एवढंच.

आमच्याकडे हेच काम रिससमध्ये, म्हणजे अत्यवस्थ रुग्णांच्या खोलीत होतं. एक जण खांदा बसवतो. दुसरा औषध देतो आणि फक्त श्वासाकडे बघतो, त्याने खांद्याला हातही लावायचा नाही. शिवाय एक नर्स. ऑक्सिजन, सक्शन, बॅग आणि मास्क आधी तपासून ठेवलेले असतात. नाकाशी कॅप्नोग्राफीची, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारी नळी असते, कारण बोटावरचा ऑक्सिमीटर उशिरा बोलतो. ऑक्सिजन चालू असेल तर श्वास थांबल्यावरही काही मिनिटं तो 98 दाखवत राहू शकतो. कॅप्नोग्राफीची रेघ मात्र श्वास थांबताक्षणी सपाट होते. खांदा खट्‌कन बसला की सगळे सैल होतात, आणि खरा धोका तिथेच असतो. इतका वेळ वेदनाच त्या माणसाला जागं ठेवत होती. ती गेली आणि औषध अंगात उरलं. म्हणून खांदा बसल्यानंतरची मिनिटं मी मॉनिटरवरून नजर काढत नाही.

मिडाझोलमबद्दल तर मला तासभर बोलता येईल. ते झोप आणतं, आठवण पुसतं, वेदना मात्र कमी करत नाही. नुसतं मिडाझोलम देऊन हात ओढला, तर माणूस ओरडतो आणि नंतर त्याला काही आठवत नाही. याला वेदनामुक्ती म्हणायला माझी जीभ वळत नाही. ते शिरेतून दिल्यावर पूर्ण परिणाम दिसायला काही मिनिटं लागतात. घाई करणारा माणूस दुसरा डोस देतो, मग तिसरा, आणि तिन्ही एकदम चढतात. सोबत फेंटानिल किंवा मॉर्फिनसारखं अफूवर्गीय वेदनाशामक असेल तर श्वासावर दुहेरी मार बसतो. वृद्धांना अर्धा मिलिग्रॅमपासून सुरुवात करायची आणि वाट बघायची. मिडाझोलमवरचा उतारा, फ्लुमाझेनिल, हाताशी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. त्याचा असर मिडाझोलमच्या आधी ओसरू शकतो आणि शुद्धीवर आलेला माणूस पुन्हा झोपेत जातो.

वर्गमित्राचं दुसरं म्हणणं असं, की पोटदुखीत आधी मॉर्फिन दिलं तर निदान झाकलं जातं, सर्जन बघेपर्यंत थांबायचं. हे मलाही शिकवलं गेलं होतं. ही शिकवण झॅकरी कोप या ब्रिटिश सर्जनच्या 1921 च्या पुस्तकातून जगभर गेली, तेव्हा ना सोनोग्राफी होती ना सीटी. पुढच्या काळात चाचण्या झाल्या आणि बेताने दिलेल्या मॉर्फिनमुळे उपचारांचे निर्णय चुकत नाहीत असं दिसलं. त्याच पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांनी भूमिका बदलली. ज्या देशातून हा नियम आपल्याकडे आला, त्याने तो सोडून दिला. आपण तो अजून कशासाठी सांभाळतोय?

तिसरं म्हणणं व्यसनाचं. अमेरिकेकडे बघ, तो म्हणतो. बघितलं. तिथली व्यसनाची लाट उसळली ती घरी न्यायला महिनोन्‌महिने लिहून दिलेल्या अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्यांमुळे. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला शिरेतून मोजून दिलेल्या मॉर्फिनच्या दोन-तीन डोसांशी तिची तुलना होत नाही. आणि मॉर्फिन ज्यातून काढतात ती अफू तर आपल्याच शेतात पिकते. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते आणि औषधांसाठी परदेशी जाते. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांच्या धास्तीने आपल्याच रुग्णालयांतून मॉर्फिन जवळजवळ हद्दपार झालं. 2014 मध्ये कायदा सैल केला, पण कपाट रिकामं ठेवायची सवय कायद्याने जात नाही. 2018 मध्ये ट्रामाडॉल हे वेदनाशामकही त्याच कायद्याखाली आलं. केटामाइन हे भुलीचं औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीत आहे, त्याची नोंद वेगळी, कुलूप वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मॉर्फिनही आहे आणि केटामाइनही.

एवढं लिहिल्यावर मला थांबायला हवं, कारण मी ज्या व्यवस्थेच्या जोरावर बोलतेय ती आपसूक शहाणी झालेली नाही. शिपमन नावाच्या इथल्या डॉक्टरने डायमॉर्फिन हे मॉर्फिनच्या जातीचं औषध टोचून माणसं मारली, त्यानंतर इथले नियम कडक झाले. इंग्लंडमधल्याच गॉसपोर्टच्या रुग्णालयात 1989 ते 2000 या काळात गरज नसताना दिलेल्या ओपिऑइड्समुळे, म्हणजे अशाच अफूवर्गीय औषधांमुळे, 450 हून अधिक रुग्णांचं आयुष्य कमी झालं, असं 2018 च्या चौकशी अहवालाने सांगितलं. दाट मिडाझोलमच्या चुकांमुळे 2008 मध्ये देशभर सूचना निघाली, की अशा कामासाठी 1 मिलीला 1 मिलिग्रॅमचंच ठेवा. आमच्या सीडी, म्हणजे नियंत्रित औषधांच्या कपाटापाशी दोन सह्या होतात, त्या प्रत्येक सहीमागे कुणीतरी गेलेलं आहे. आणि आता? आलेल्या रुग्णाला चार तासांत दाखल करायचं किंवा घरी पाठवायचं, हे लक्ष्य इंग्लंडने 2015 नंतर गाठलेलं नाही. रुग्णाची वेदना तो आल्यापासून पंधरा मिनिटांत मोजायची असते. कॉरिडॉरमध्ये ट्रॉल्यांची रांग लागलेल्या रात्री ते जमत नाही, हे मी त्या फोनवर बोलले नाही.

त्याच्या माराच्या प्रश्नाचं उत्तरही मी टाळलं. महाराष्ट्रात 2010 पासून डॉक्टरांवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा आहे, पण रात्री दोन वाजता कायदा दारात उभा नसतो. तो एकटा असतो, त्याच्या बाहेर चाळीस नातेवाईक असतात. कॅप्नोग्राफ नाही, श्वास बघायला दुसरा माणूस नाही. मी त्याच्या जागी असते तर सिरिंज भरली असती का? खरं सांगायचं तर नसती.

भरली नव्हतीच. इंटर्नशिपमध्ये मनगट मोडलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला मी खांद्यांपाशी दाबून धरलं होतं. सीनियरने हाड ओढलं. मुलगा ओरडायचा थांबला तेव्हा मला वाटलं, संपलं एकदाचं. तो माझ्याकडे टक लावून बघत होता. आज तशा मुलाला मी केटामाइन देते. त्याचे डोळे उघडेच राहतात, पण ते कुठेच बघत नसतात. अशा प्रत्येक वेळी मला तो पहिला मुलगा आठवतो.

इथे आमच्या बायकांच्या दुखण्याला एक हिणवणारं नाव ऐकू येतं, मिसेस बीबी सिंड्रोम. दक्षिण आशियातल्या बायका फार कण्हतात म्हणे, सगळं अंग दुखतं म्हणतात. वर्गमित्र म्हणतो आमची माणसं सहन करतात, इथले म्हणतात तुमची माणसं वाढवून सांगतात. दोन्हीकडे जवळ जाऊन बघायचं टळतं. या नावावरून मी सहकाऱ्यांशी भांडले आहे.

आणि तरीही दोन हिवाळ्यांपूर्वी हे घडलं. घरात पडलेल्या एका मराठी आजी आल्या होत्या, मुलाकडे राहायला आलेल्या. पाय आखूड झालेला, बाहेर वळलेला, खुब्याचं हाड मोडलंय हे दारातूनच दिसत होतं. नर्सने शून्य ते दहाचा आकडा विचारला, आजींना काही कळेना. मी मराठीत विचारलं. मराठी ऐकून त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "थोडं दुखतंय गं. तू कर तुझं काम." मी 3 लिहिलं आणि पॅरासिटामॉल सांगितलं. आपलं माणूस आहे, आपल्याला कळतं, अशा समाधानात मी पुढच्या ट्रॉलीकडे गेले.

तासाभराने परत आले तेव्हा त्यांनी चादर मुठीत इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. फिलिपिनी नर्स शेजारी उभी होती. मराठीचा एक शब्द येत नसताना तिला जे दिसलं, ते मला दिसलं नव्हतं. मी वाकून पुन्हा विचारलं, या खेपेला आकडा न विचारता. "आजी, ठणका आहे की कळ येतेय?" त्या म्हणाल्या, "कळ. मस्तकात जाते." मग अल्ट्रासाउंड बघत जांघेत नस बधिर करणारा ब्लॉक दिला. अर्ध्या तासाने त्यांची मूठ सुटली. "आत्ता कळलं मला, किती दुखत होतं ते," त्या म्हणाल्या, आणि त्यांना झोप लागली.

त्यांच्या नोंदीत तो 3 अजून तसाच आहे, वेळ आणि माझ्या नावासकट. वर्गमित्राला हे मी सांगितलेलं नाही.