समुद्र आडवा येऊ नये म्हणून

जुनी फायबरची मच्छीमार होडी घरी आणून दुरुस्त करायची हौस असेल, तर ती पुण्यातच करावी. लोक उगीच अलिबाग, रेवदंडा, मुरुड अशी नावं घेतात. तिथे अडचण एकच, पण मोठी आहे : समुद्र. तिथल्या माणसाला होडी कधी ना कधी पाण्यात घालावी लागते. १ जूनला यांत्रिक मासेमारीची बंदी लागली की दोन महिन्यांत सांधायचं, घासायचं, रंगवायचं आणि १ ऑगस्ट उजाडला की निघायचं. अशा घाईत कला फुलत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथे तुमच्या होडीला भरती नाही, ओहोटी नाही आणि मुदत तर नाहीच नाही.

होडी निवडताना फार चिकित्सा करू नका. ती पुढे कित्येक वर्षं करायचीच आहे. माझी अठरा फुटी होडी मी रेवदंड्याच्या बाजूला एका नाखवांकडून घेतली. माडाखाली उपडी पडली होती. वर जाळी वाळत होती, खाली कोंबड्या राहत होत्या. विकता का, असं विचारल्यावर नाखवा म्हणाले, "साहेब, ती पानी घेते."

मला भरून आलं. गवई तान घेतो, पतंग ढील घेतो, तशी ही पाणी घेते! होडीकडून माणसाला आणखी काय हवं? मी घासाघीस न करता पैसे मोजले. दर्यावर जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडी 'पाणी घेते' म्हणजे 'गळते', हे मला ताम्हिणी घाट चढून वर आल्यावर टेम्पोवाल्याने सांगितलं. तोही बिचारा वर येईपर्यंत थांबला, कारण भाडं दोन्ही बाजूंचं झालं असतं. वाटेत चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्याने टेम्पोकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "पुण्याला नेताय? पूर येणारे का?"

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे ती वाजवून पाहणं. माठ घेताना आपण वाजवतो तसंच, फक्त हातात छोटी हातोडी घ्यायची. ठणठणीत आवाज आला तर आतले थर एकमेकांना धरून आहेत. भद्द आवाज आला तर थर सुटलेत किंवा आतलं लाकूड कुजलंय. माझ्या होडीत एकाच जागी ठण्ण वाजलं. उकलून पाहिलं तर तिथे पूर्वी कुणीतरी पत्रा ठोकलेला होता.

'फायबर सडत नाही' असं विकणारा सांगतो, आणि अगदी खरं सांगतो. फायबर म्हणजे काचेचे धागे. काच कशी सडेल? सडतं ते काचेच्या दोन थरांमधलं लाकूड. इंजिन टांगायच्या मागच्या उभ्या फळीला ट्रान्सम म्हणतात. तिच्या पोटात प्लायवूड असतं. कुणीतरी कधीतरी एक स्क्रू मारतो, काढतो, भोक तसंच ठेवतो आणि पाणी वर्षानुवर्षं आत झिरपत राहतं. मी वरचा थर कापला तेव्हा आतून प्लायवूड निघालं नाही, चहात बुडवून विसरलेली खारी निघाली. चमच्याने काढावी लागली. फळ्यांखाली पिवळा फोम होता. होडी उलटली तरी तरंगावी म्हणून तो भरतात. त्याने इतकं पाणी पिऊन ठेवलं होतं की दोघांना मिळून एक तुकडा उचलेना. तरंगवायला बसवलेलाच बुडवायला निघाला होता. सोसायटीच्या कमिटीवर काम केलेल्यांना याचं नवल वाटणार नाही.

नवी फळी घालायला मरीन प्लाय लागतं. त्यावर आयएस ७१० असा शिक्का बघून घ्या. मी भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये गेलो. दुकानदाराने न विचारताच ट्रॉल्यांची मापं लिहायला कागद घेतला. "सिंकखाली लावायचंय ना?" मी म्हटलं, बोटीला. त्याने पेन खाली ठेवलं, आतल्या माणसाला हाक मारून बाहेर बोलावलं आणि म्हणाला, "अरे बघ, मरीन प्लाय बोटीला नेणारं गिऱ्हाईक आलंय." मला चहा मिळाला. सवलत मिळाली नाही.

आता होडी ठेवायची कुठे? अर्थात सोसायटीच्या पार्किंगमध्ये. नियमावलीत दुचाकी आहे, चारचाकी आहे. बिनचाकीचा उल्लेख नाही, म्हणजे मनाईही नाही. या मुद्द्यावर आमच्याकडे सव्वादोन तास सभा चालली. एक सभासद म्हणाले की हे वाहन नाही, सामान आहे. दुसरे म्हणाले की सामान असेल तर जिन्याखाली ठेवा. शेवटी तिला 'पाहुण्यांचं वाहन' या सदरात टाकण्यात आलं, चोवीस तासांच्या बोलीवर. त्याला आता तीन वर्षं होतील.

मग घासकाम. नवा थर नीट धरावा म्हणून जुना पृष्ठभाग ग्राइंडरने खरखरीत करायचा असतो. भेग असेल तिथे कडा लांबवर उतरत्या करायच्या, जाडीच्या दहा-बारा पट. यासाठी उत्तम मुहूर्त म्हणजे मार्चअखेरची सकाळ, जेव्हा वारा असतो आणि सगळ्या गच्च्यांवर कुरडया वाळत असतात. पोशाख : बनियन. काचेची ती धूळ दिसत नाही, नुसती समजते. आधी मनगटाला, मग मानेला, मग संसाराला. अंगाला लागली तर चोळू नये, गार पाण्याने धुवून टाकावी. आमच्या बिल्डिंगने चोळली. कुरडया त्या वर्षी कुणी तळल्या नाहीत, आणि पुढच्या सभेला उपस्थिती विक्रमी होती.

घासून झालं की रेझिन. खरी पूजा ती. दुकानदार तीन गोष्टी देतो : मधासारखं दाट पॉलिस्टर रेझिन, जांभळट कोबाल्ट आणि पाण्यासारखा साधा दिसणारा हार्डनर. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट घालून पूर्ण ढवळायचं, मग ऐन वापराच्या वेळी हार्डनर, रेझिनच्या वजनाच्या साधारण एक ते दोन टक्के. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतू नका. भडका उडतो, स्फोटही होतो. (या लेखातलं एवढं एक वाक्य सरळ अर्थाने घ्या. हातमोजे, चष्मा आणि वाफेसाठीचा कार्ट्रिजवाला मास्कही त्याच वाक्यात धरा.)

बाकी प्रमाणाचं काय, डोळ्यांनी ठरवा. आमटीत मीठ आपण काट्यावर तोलून घालतो का? हार्डनर कमी पडला तर होडी दिवाळीपर्यंत चिकट राहील, जास्त पडला तर ब्रश बुडवायच्या आत दगड होईल. दोन्हींतून शिकायला मिळतं.

मी पहिलं मिश्रण थर्माकोलच्या पेल्यात केलं. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली तेव्हा आमच्याकडे मुंजीतले दोन पुडे उरले होते, ते माळ्यावर तसेच होते. टाकवत नव्हते. रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं, हे मला पेला हातात असतानाच समजलं. आधी तळ ओलसर लागला, मग पेला हलका झाला, आणि शेवटी बोटांत नुसती वरची कड उरली, बांगडीसारखी. पाव किलो रेझिन चपलेवर. ती चप्पल अजून पार्किंगमध्ये आहे. कुणी चोरत नाही, कारण उचलत नाही.

दुसऱ्या वेळी शहाणपणाने हिचं स्टीलचं पातेलं घेतलं. एप्रिलची दुपार, पत्र्याच्या शेडखाली उभा होतो. रेझिन एका भांड्यात दाटीने राहिलं की स्वतःच्याच उष्णतेने तापत जातं. पसरट ताटात ओतून ठेवलं तर जरा दम धरतं. मला घाई नव्हती, म्हणून एका शेजाऱ्यांना गॅल्व्हनाइज्ड आणि स्टेनलेस नटबोल्टमधला फरक समजावत होतो. पातेल्यात आधी मध होता, मग खरवस झाला, मग धूर निघाला आणि तडतड आवाज करत सगळं पिवळं दगड झालं. ब्रश, उलथनं आणि पातेलं एकजीव. हिने ते पातेलं आता बेडरूमच्या दाराशी ठेवलंय, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. सबंध प्रकल्पातली रोजच्या वापरात आलेली तेवढी एकच वस्तू.

काचेच्या धाग्यांची मॅट अंथरून रेझिन जिरवलं, रोलर फिरवून बुडबुडे काढले, थर वाळला, तरी वरून हाताला चिकट लागतो. हवेतल्या ऑक्सिजनमुळे तसं होतं. पुढचा थर त्यावरच छान बसतो, शेवटच्या थरात मेण असलेलं रेझिन वापरलं की झालं. काळजीचं कारण नसतं. म्हणून काळजी करा. रात्री दोनदा खाली जाऊन बोट लावून बघा. माझ्या होडीच्या डाव्या अंगाला माझे दहाही ठसे आणि गुलमोहराच्या सतरा पाकळ्या कायमच्या जतन झाल्या आहेत.

गळतीचं मूळ मात्र मी स्वतः शोधलं, याचा थोडा अभिमान आहे. ट्रान्समच्या अगदी तळाशी, बरोबर मधोमध एक भोक होतं. इंचभर व्यासाचं, छान गोल. त्यात रबराचं काहीतरी कोंबलेलं होतं. इतकी वर्षं पाणी कुठून येतं, हे त्या नाखवांना कळू नये याचं आश्चर्य वाटलं. मी ते रबर उपटून फेकलं आणि आतून चार, बाहेरून चार असे ४५० ग्रॅमच्या मॅटचे आठ थर चढवले. तिथे आता हत्ती उभा केला तरी काही होणार नाही.

या काळात सल्लागार भेटतात. भेटू द्या. एक आजोबा कॉलेजात असताना इंजिनिअरिंगच्या बोट क्लबवर वल्हवत असत. इंजिन लावण्याची गोष्ट काढली की त्यांना माझा चेहरा बघवत नाही. दुसऱ्या आजी दर १२ जुलैला खाली येतात, होडीच्या काठावर हात ठेवतात आणि म्हणतात, "एकसष्ट साली ही असती तर." पानशेत फुटलं तेव्हा त्या शाळेत होत्या. त्यांना मी काहीच उत्तर देत नाही, खुर्ची देतो. बाकी सगळे एकच विचारतात : पाण्यात कधी घालणार? खडकवासला की मुळशी? का थेट भिगवणला, उजनीत? यावर "जेलकोट क्युअर होतोय" असं सांगा. मी तीन वर्षं सांगतोय, अजून कुणी 'म्हणजे काय' असं विचारलेलं नाही. पुण्यात न कळलेलं विचारण्याची पद्धत नाही, याचा फायदा घ्या.

यंदा जूनमध्ये काम इतकं पुढे गेलं की होडी सरळ करून ठेवली. वरची निळी ताडपत्री दुसऱ्याच पावसात उडून समोरच्या बंगल्यावर गेली. त्यांनी ती परत करण्याऐवजी बांधून घेतली. जुलैत आठवडाभर संततधार लागली आणि होडी काठोकाठ भरली. मी छत्री घेऊन भोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. बाहेरून एक थेंब नाही! आतलं पाणी बाहेर येत नाही, म्हणजे बाहेरचं आत जाणार नाही. कारखान्यातसुद्धा इतकी कडक चाचणी घेत नसतील. मी पेढे वाटले.

पंधरा दिवसांनी डासांच्या अळ्या तपासणारे दोघे आले. सेक्रेटरींनी बोलावलं असावं, कारण ते सरळ होडीपाशीच आले. एकाने पळी बुडवून पाणी उजेडात धरलं, दुसऱ्याने वहीत काहीतरी लिहिलं. पाणी उपसा म्हणाले. दोन हजार लिटर पाणी बादलीने उपसणार कोण, असं मी विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग एकजण गाडीपर्यंत जाऊन प्लास्टिकची पिशवी घेऊन आला, गाठ सोडली आणि होडीत रिकामी केली.

नारळी पौर्णिमेला मी आठवणीने नाखवांना फोन लावला. मागे बँड वाजत होता.

"काय साहेब, घातली का पान्यात?"

"तसं म्हणायला हरकत नाही."

"अजून पानी घेते?"

"घेते. पण आता सोडत नाही."

"मग मागचा बूच काढा की. तळाला भोक हाय ना, त्यासाठीच ठेवलाय तो."

"ते मी बुजवलं."

पलीकडे बराच वेळ नुसता बँड. मग त्यांनी, मला बरं वाटावं म्हणूनच बहुतेक, विचारलं, "आनि मासली?"

"आहे की. दीडेकशे तरी असतील."

"कुठली?"

"गप्पी."