तेवढा ब्रश पाठव ना

‘तुझा तो ढगांचा ब्रश आहे ना, तेवढा पाठव ना’ हे वाक्य म्हणायला तीन सेकंद लागतात. पुढचे दोन तास दोन माणसं आणि दोन मशिनं कामाला लागतात. या ‘तेवढा’वर माझा जुना राग आहे. मागणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दांडा असतो, दांड्याला केस असतात. धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून हातात ठेवायची वस्तू. कॉम्प्युटरमधल्या ब्रशला दांडाही नसतो आणि केसही नसतात. त्याला ब्रश म्हणतो तो आपला भाबडेपणा.

तो असतो शिक्का. टपाल फोडणाऱ्या कारकुनासारखं सॉफ्टवेअर तो शिक्का टॅब्लेटवर फिरणाऱ्या पेनाच्या वाटेवर धपाधप मारत जातं, आणि इतका जवळजवळ मारतं की आपल्याला वाटतं, रेघ निघाली. किती जवळ, ते ठरवणारं सेटिंग म्हणजे स्पेसिंग. शिक्का 500 पिक्सेलचा आणि स्पेसिंग 25 टक्के असेल, तर दर 125 पिक्सेलला एक ठप्पा. 2000 पिक्सेलच्या रेघेत झाले सोळा. ‘रेघ कशी लोण्यासारखी हवी’ म्हणून कुणी स्पेसिंग 1 टक्क्यावर नेलं, की तेवढ्याच रेघेत चारशे. मग पेन पुढे निघून जातं आणि रेघ मागून, गुडघे धरल्यासारखी, चालत येते. ‘तुझा ब्रश हँग होतो’ ही तक्रार बहुतेकदा इथली असते. नाहीतर शिक्क्याचं मूळ चित्रच अडीच हजार पिक्सेलचं असतं आणि त्या बिचाऱ्याकडून कुणी पापण्या काढून घेत असतं.

शिक्क्याच्या जोडीला असतो पोत, म्हणजे कागदाची किंवा कॅनव्हासची खरखर. आणि या दोघांच्या वर असतात नियम: दाब वाढला की जाड व्हायचं, पेन कललं की फिकट व्हायचं, वळणावर शिक्का फिरवायचा, मधूनमधून इकडेतिकडे सांडायचा. खरा ब्रश म्हणजे हे नियम. अडचण एवढीच, की ज्या सॉफ्टवेअरसाठी ते लिहिले त्यालाच ते कळतात. बाकीची सॉफ्टवेअरं नुसती मान डोलावतात.

पण ही अडचण फार पुढची. आधी फाइल तर उघडली पाहिजे.

पाठवणारा भला माणूस सगळं झिप करून, म्हणजे एका फाइलीत दाबून बांधून, पाठवतो. आयपॅडवर चित्रं काढायचं अ‍ॅप म्हणजे प्रोक्रिएट, त्याला झिप गिळता येत नाही. आयपॅडच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये झिपवर टॅप करायचं, बाजूला फोल्डर उगवतो, त्यातल्या ‘.ब्रशसेट’वर, म्हणजे ब्रशांच्या संचाच्या फाइलवर, टॅप करायचं, मग तो प्रोक्रिएटमध्ये जातो. इथवर ठीक. गंमत अशी, की ती ‘.ब्रशसेट’ फाइल स्वतःच पोटातून झिप आहे. नुसतं नाव बदलून फिरते. आत प्रत्येक ब्रशचं एक फोल्डर, त्यात शिक्क्याचं चित्र, पोताचं चित्र, छोटंसं थंबनेल आणि नियमांची एक फाइल. हे गुपित माणसांना ठाऊक नसलं तरी काही ब्राउझरांना बरोबर कळतं. ते जास्त शहाणे. डाउनलोड करताना त्यांना वास येतो, की हे तर झिप! मग ते नावापुढे आपल्या पदरचं ‘.झिप’ चिकटवतात. मॅकवरचा सफारी त्याच्याही पुढे जाऊन परस्पर फाइल फोडून ठेवतो. तुम्ही मागितला ढगांचा ब्रश. हाती आलं एक फोल्डर, त्यात बारा फोल्डर, आणि प्रत्येकाचं नाव छत्तीस खुणांचं: इंग्रजी अक्षरं, आकडे, मध्ये चार आडव्या रेघा. यातला ढग कोणता, हे ज्योतिषालाही सांगता यायचं नाही.

उपाय सोपे आहेत, म्हणून तर चिडचिड जास्त. सफारीच्या सेटिंगमध्ये ‘सुरक्षित फाइली डाउनलोडनंतर उघडा’ अशा अर्थाची एक खूण असते, ती काढायची आणि फाइल पुन्हा उतरवून घ्यायची. ‘.झिप’ चिकटलं असेल तर नाव बदलून शेपूट तोडायचं. विंडोजवर मात्र इथेच घोडं अडतं. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावाची ही शेपटं, मुळात लपवून ठेवतं. फाइलचं नाव दिसतं ‘ढग.ब्रशसेट’, तुम्ही म्हणता बरोबर तर आहे की, आणि खरं नाव असतं ‘ढग.ब्रशसेट.झिप’. जे शेपूट दिसत नाही ते तोडणार कसं? फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन एक्स्टेन्शन दाखवायला सांगा आणि ते आयुष्यात पुन्हा लपवू नका.

झिप मॅकवर बांधलेली असेल आणि तुम्ही विंडोजवर सोडत असाल, तर आणखी एक पाहुणा येतो. दोन अंडरस्कोरने सुरू होणारं ‘__मॅकओएसएक्स’ नावाचं फोल्डर. त्यात तुमच्या ब्रशच्याच नावाची फाइल असते, फक्त नावाआधी टिंब आणि अंडरस्कोर. नाव तेच, एक्स्टेन्शन तेच, आयकॉनही तोच. फोटोशॉपला ती दिली की ते सांगतं, ही फाइल चालत नाही. माणूस बिथरतो, ब्रश करप्ट आहे म्हणून पाठवणाऱ्याला कळवतो. पाठवणारा आपल्याकडे उघडून बघतो, उत्तम उघडतो. दोघंही एकमेकांच्या अकलेविषयी मनात काहीतरी नोंद करतात. आकार बघितला असता तर भांडण टळलं असतं. खरी फाइल 40 एमबीची असते आणि ही जेमतेम 1 केबीची. ती ब्रशची फाइल नसतेच, मॅकने स्वतःसाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी असते.

फोटोशॉपच्या ब्रशांची ‘.एबीआर’ फाइल हे या जगातलं फार जुनं चलन. फाइलवर डबल क्लिक केलं तरी ती आत जाते, किंवा ब्रश पॅनेलच्या मेनूतून इम्पोर्ट करायची. ऑक्टोबर 2017 मध्ये आलेल्या सीसी 2018 आवृत्तीपासून ब्रश फोल्डरात राहतात, त्यामुळे नवे आले की जुन्यांच्या खाली गुमान बसतात. त्याआधीचं राज्य वेगळं होतं. संच निवडला की एक खिडकी विचारायची: सध्याच्या ब्रशांच्या जागी हे ठेवू का? बटणं तीन, ओके, कॅन्सल आणि अपेंड. माणसाचा हात सवयीने ओकेवर जातो. आणि ओके म्हणजे असलेले सगळे ब्रश पुसून टाक! जपून जमवलेले, सेव्ह न केलेले, एका ‘ओके’ने ओक्केमध्ये. अजूनही जुन्या आवृत्तीवर काम करणारे असतील त्यांनी ‘अपेंड’ हा शब्द टेबलावर चिकटवून ठेवावा.

नव्या आवृत्तीतही एक खोड शिल्लक आहे. नवा ब्रश केला की फोटोशॉप तो लगेच डिस्कवर लिहीत नाही. नीट बंद करता तेव्हा लिहितं. दिवसभर खपून दहा ब्रश केले आणि संध्याकाळी फोटोशॉप कोसळलं, तर पुन्हा उघडल्यावर पॅनेलमध्ये सकाळ असते. म्हणून एखादा ब्रश मनासारखा जमला, की तो निवडून एक्स्पोर्ट करून टाकायचा, वाट बघायची नाही.

क्लिप स्टुडिओ पेंट या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रशची ‘.एसयूटी’ फाइल सब टूलच्या, म्हणजे टूलच्या पोटातल्या ब्रशांच्या, पॅनेलवर ओढून सोडायची, बस. फक्त सोडताना कोणतं टूल उघडं आहे ते पाहा. खोडरबर उघडं असताना सोडलात तर ब्रश खोडरबरांच्या घरात जाऊन राहतो आणि तिथूनच इमानेइतबारे रंगवतो. त्यांच्या अ‍ॅसेट्स या ऑनलाइन साठ्यातून उतरवलेला ब्रश तर सब टूलमध्ये दिसतच नाही. तो मटेरियल पॅनेलच्या डाउनलोड फोल्डरात पडून असतो, तिथून हाताला धरून आणावा लागतो.

आता खरा तमाशा: एका घरचा ब्रश दुसऱ्या घरी पाठवणं. क्रिता आणि गिंप ही चित्रांची आणखी दोन सॉफ्टवेअरं ‘.एबीआर’ वाचतात, पण त्यातला फक्त शिक्का घेतात. नियम दारातच राहतात. फोटोशॉपमध्ये ज्या ब्रशने झाडाची पानं सळसळत सांडत होती, तोच क्रितात आणला की एकाच मापाची, एकाच दिशेची पानं ओळीने उभी राहतात, कवायतीला आणल्यासारखी. प्रोक्रिएट डिसेंबर 2019 मधल्या पाचव्या आवृत्तीपासून ‘.एबीआर’ घेतं, बरेचसे नियमही समजून घेतं, पण दुहेरी ब्रश (एकात दोन शिक्के) आणि पोत यांच्यात उन्नीस-बीस होतंच. उलट वाट तर बंदच. प्रोक्रिएटचा ब्रश फोटोशॉपला देता येत नाही.

मग कुणी म्हणतं, नुसतं शिक्क्याचं चित्र पाठव, मी बाकीचं बघतो. हुशार माणूस! पण फोटोशॉपमध्ये चित्रातला काळा भाग रंगवतो आणि पांढरा पारदर्शक. प्रोक्रिएटमध्ये नेमकं उलटं, पांढरा रंगवतो. फोटोशॉपचा शिक्का तसाच नेला की प्रोक्रिएटमध्ये ढग उमटत नाही. चौकोन उमटतो, ज्यात ढगाच्या आकाराचं भोक. शेप एडिटरमध्ये चित्रावर दोन बोटांनी टॅप केलं की ते उलटं होतं. हे एक वाक्य सोबत लिहून पाठवलं तर एक मैत्री वाचते.

समजा, हे सगळं जमलं. ब्रश आत आला, नाव बरोबर, थंबनेल बरोबर. पहिली रेघ ओढली, आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, स्केचपेनची! इथे लोक ब्रश डिलीट करून पुन्हा इन्स्टॉल करतात. दोन-तीनदा करतात. ब्रशचा काही दोष नसतो, पेनाचा दाबच सॉफ्टवेअरपर्यंत पोचत नसतो. टॅब्लेटच्या खोक्यावर दाबाच्या 8192 पातळ्या छापलेल्या असोत, पोचते ती एकच. आधी सॉफ्टवेअरचा मूळचा, दाबाने जाड-बारीक होणारा ब्रश घेऊन बघा. तोही एकाच जाडीचा निघाला तर भांडण ड्रायव्हरशी, म्हणजे टॅब्लेट आणि कॉम्प्युटर यांची गाठ घालणाऱ्या प्रोग्रॅमशी, आहे. विंडोजवर दाब दोन रस्त्यांनी येतो, विनटॅब आणि विंडोज इंक. ड्रायव्हर एका रस्त्यावर उभा आणि सॉफ्टवेअर दुसऱ्यावर वाट बघतंय, असं झालं की ही गत होते. क्रितात टॅब्लेट सेटिंगमध्ये रस्ता बदलून सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावं लागतं. नुसतं ओके करून रेघ ओढली तर काही बदलत नाही.

आता पाठवणाऱ्याविषयी दोन शब्द, कारण तोही काही संत नसतो. ब्रशचं नाव ‘नवीन 3 कॉपी कॉपी फायनल’ असतं. तीनशे ब्रशांचा संच पाठवतो, त्यातले दोनशे नव्वद सॉफ्टवेअरसोबत आलेलेच. शिवाय आवृत्ती सांगत नाही. नव्या आवृत्तीत बांधलेला ब्रश जुनीत उघडेलच असं नाही. आणि ब्रश विकत घेतलेला असेल, तर तो ‘तेवढा’ पाठवायचा हक्क त्याला नसतोच. बहुतेक परवाने काढलेली चित्रं विकू देतात, ब्रशची फाइल वाटू देत नाहीत. स्पेसिंग 10 चं 12 केलं आणि नाव बदललं म्हणून तो स्वतःचा होत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्यांपैकी सीसी झिरोवाला असेल तर खुशाल वाटा. सीसी बाय असेल तर मूळ कर्त्याचं नाव सोबत गेलं पाहिजे.

क्रितावाल्यांनी जास्त जपायला हवं. तिथे एकट्या ब्रशची ‘.केपीपी’ फाइल पाठवली आणि तिचा शिक्का वेगळ्या फाइलमध्ये असला, तर शिक्का मागेच राहू शकतो. मग समोरच्याकडे ढगाऐवजी गोल ठिपका उमटतो. म्हणून बंडल करायचं: सेटिंग्ज मेनूतून रिसोर्स लायब्ररीत जायचं, नवं बंडल करायचं, त्यात ब्रश, शिक्का, पोत सगळं एकत्र बांधायचं. समोरच्याने त्याच खिडकीतून ते इम्पोर्ट करायचं. आवडलं नाही म्हणून त्याने ब्रश डिलीट केला, तरी क्रिता तो खरोखर फेकत नाही. नजरेआड करून ठेवतं. हा एक मोठा दिलासा आहे.

आणि त्या ‘.केपीपी’ची एक मौज सांगायची राहिली. ती फाइल म्हणजे साधं पीएनजी चित्र असतं, ब्रशचं थंबनेल. सगळे नियम त्या चित्राच्या पोटात मजकूर म्हणून लपवलेले. हे कळलेला एखादा अर्धवट जाणकार एक्स्टेन्शन बदलून ‘.पीएनजी’ करतो आणि फोनवरून, डॉक्युमेंट म्हणून न पाठवता, फोटो म्हणून पाठवतो. मेसेजचं अ‍ॅप इमानदारीत फोटो दाबून जेपीजी करतं, पोटातला मजकूर गळून पडतो, आणि पलीकडे ब्रशचा एक सुंदर फोटो पोचतो. पलीकडून लगेच उत्तर येतं, ‘मिळाला. झूम पण होतोय. आता रंगवायचं कशाने?’