'यूए ७+' म्हणजे आत काय आहे, ते सांगा की!

परवापासून पोरगी दिवा लावून झोपतीय. आठ वर्षांची आहे. सुट्टीत पिक्चर दाखवायचा शब्द दिला होता, म्हणून रविवारी तिला आणि माझ्या आईला घेऊन गेलो. पोस्टरवर सेन्सॉरचा शिक्का 'यूए ७+', म्हणजे सातच्या खालच्या पोरांना आईबापानं विचार करून दाखवायचा. पोरगी आठची, मग बिनधास्त तिकिटं काढली. आणि मध्यंतराच्या आधी पडद्यावर बापाला पोरासमोर जिवंत जाळलं! पोरीनं आजीच्या पदरात तोंड खुपसलं, थरथरत होती नुसती. उठून बाहेर आलो. काउंटरवर विचारलं तर म्हणे, "साहेब, सात प्लस लिहिलंय की."

लिहिलंय, पण सात का, ते कुठं लिहिलंय? पूर्वी नुसतं यूए असायचं. २०२३ ला कायदा बदलून त्याचे ७+, १३+, १६+ केले. बरं केलं. पण मारामारी आहे, शिव्या आहेत, भूत आहे का दारू, हे पोस्टरवर एका ओळीत लिहायला काय जातं? तोच पिक्चर ओटीटीवर आला की २०२१ च्या नियमांप्रमाणं वयाबरोबर आत काय आहे तेही सांगावं लागतं. मग थिएटरात तिघांचे पैसे मोजणाऱ्या माणसानं काय पाप केलंय?

अमेरिकेत किड्स-इन-माइंड म्हणून वेबसाइट आहे. ती वय सांगतच नाही. लैंगिक दृश्यं, हिंसा, भाषा, तिन्हीला शून्य ते दहा असे वेगळे आकडे देते आणि कुठल्या प्रसंगात काय आहे तेही लिहिते. हे पाहिजे! माझ्या घरात एखादी शिवी खपेल, रक्त नाही. शेजारच्यांचं उलटं असेल. ज्याचं त्यानं ठरवू दे, पण आधी कळू तर दे.

आणि हे कोल्हापुरात सांगायला लागावं? १९२० साली इथल्याच बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' या मूकपटात कीचकवध इतका खरा दाखवला, की सेन्सॉरनं तो कापायला लावला. पडद्यावरचं रक्त माणसाला किती हादरवतं, हे या गावाला शंभर वर्षं ठाऊक आहे.

पोरांसाठी चांगले पिक्चर निघतात, त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळतात. पेपरात फोटो येतो आणि संपलं. सुट्टीत त्यातला एक तरी इथं सकाळच्या शोला लावा. मी दोन्ही चुलत भावांची पोरंसुद्धा घेऊन येतो. तोवर पोस्टरवर ती एक ओळ छापा. माझी पोरगी आता थिएटरचं नाव काढलं तरी आजीला जाऊन चिकटतीय.