कॅटलॉग खालच्या मजल्यावरच बरा

बॅकअपच्या टेपा तुम्ही जिवापाड जपता, याबद्दल शंकाच नाही. लोखंडी कपाट, दोन किल्ल्या. एक साहेबांकडं, दुसरी साहेबांना आठवत नाही अशा ठिकाणी. राहता राहिला कॅटलॉग, म्हणजे कुठल्या तारखेची कुठली फाइल कुठल्या टेपवर आहे याची वही. वहीचं काय एवढं? मार्केट यार्डात गुळाचे रवे मोलाचे, आवक-वही कोण जपतं? (एखाद्या अडत्याला विचारून बघा. चहा न पाजता वाटेला लावेल.)

तेव्हा कॅटलॉग आहे तिथंच राहू द्या, बॅकअप सर्व्हरच्याच डिस्कवर. वेगळ्या मशीनचं कोटेशन मंजूर होईपर्यंत पुढचा गणपती उजाडतो. दोन डिस्कचं मिरर लावलं असेल तर मग बघायलाच नको. एक डिस्क गेली तर दुसरी आहेच. कॅटलॉगच्या डेटाबेसातलं टेबल बिघडलं किंवा कुणी चुकून उडवलं, की ते दोन्हीकडं एकाच क्षणी उडतं, पण आरशानं आणखी काय करायचं?

कुणी शहाणा म्हणेल, कॅटलॉगचाही बॅकअप घ्या. घ्या की. फक्त रात्रीचे बॅकअपचे जॉब सुरू व्हायच्या आधी घ्या, म्हणजे त्या रात्रीच्या टेपांची नोंद त्यात यायची भीती नाही. डेटाबेसचा डंप, म्हणजे त्याची एकसंध नक्कल, काढत बसू नका, चालू डेटाबेसचं फोल्डर उचलून कॉपी मारा. आणि ती कॉपी त्याच टेपांपैकी एकीवर टाका. कुठल्या टेपवर? ते कॅटलॉगमध्ये लिहिलेलं आहेच. एन्क्रिप्शनचा पासवर्डही त्याच सर्व्हरवर, डेस्कटॉपवरच्या फाइलीत.

बॅक्युला हे बॅकअपचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तो जॉबनंतर बूटस्ट्रॅप नावाची छोटी फाइल लिहून देऊ शकतो: कुठली टेप आणि तिच्यावरचा कुठला भाग, एवढंच. ती दुसऱ्या मशीनवर किंवा मेलवर ठेवली की कॅटलॉग गेला तरी तो परत आणता येतो. तुम्ही तीही त्याच डिस्कवर ठेवा. मायलेकींची ताटातूट कशाला?

रिस्टोअर करून बघणं तर अपशकुनच. चांगल्या चाललेल्या घरात कुणी मृत्युपत्र वाचून दाखवतं का?

हे सगळं मी अनुभवानं सांगतोय. २०१९ चा ऑगस्ट, कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं एक ऑफिस. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, आणि राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी ५५ वर. मोबाइलवर दर तासाला एकच प्रश्न, ‘किती फूट?’ आम्ही टेपा दुधाच्या क्रेटमध्ये भरल्या आणि डोक्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावर पोचवल्या. ३१ च्या ३१, एकीलाही थेंब लागला नाही. सर्व्हर खाली टेबलाखालीच राहिला. “असू दे रे, डेटा टेपांवर आहे न्हवं?” असं साहेब म्हणाले, आणि आम्हालाही ते पटलं.

पाणी उतरल्यावर टेबलाखालून जे निघालं त्याला सर्व्हर म्हणायला जीभ रेटेना. वर टेपा कोरड्या ठणठणीत. लेबलं स्केचपेननं लिहिलेली: ‘सोमवार’, ‘मंगळवार जुना’, ‘मंगळवार जुना खरा’. नवा कॅटलॉग उभा करायचा तर एकेक टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला हवी. एलटीओ-६ ची टेप अडीच टीबीची. सेकंदाला १६० एमबी या पूर्ण वेगानं वाचली तरी भरलेल्या टेपेला सव्वाचार तासांच्या वर लागतात. ड्राइव्ह एकच, तोही उसना. तुम्हाला ऑफिसात रात्री झोपायची हौस असेल तर यासारखं निमित्त नाही. मी तर घरून चटई आणली होती.

आणि हवं काय होतं? अकाउंट्सला जीएसटीची एक शीट. सकाळ-संध्याकाळ जिन्यातून हाक यायची, “सापडली का?” सहाव्या दिवशी पहाटे सापडली, सव्विसाव्या टेपवर. लेबल होतं ‘कोरी’.