बार्शी लाइटचं इंजिन कोणीतरी काढा रे

लेख आवडला, पण संग्राहकांना ज्यांची मॉडेल्स हवी आहेत अशा दुर्मिळ वाफेच्या इंजिनांच्या यादीत सगळी युरोप-अमेरिकेचीच नावं, आपल्याकडचं एकही नाही हे खटकलं. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी आली ती आमच्या ठाण्यात, तिला जोडलेली साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिनं व्हल्कन फाउंड्रीची, निदान ती तरी पाहिजे होती यार.

पण माझं पहिलं मत बार्शी लाइटला, म्हणजे बार्शीच्या जुन्या नॅरोगेज रेल्वेला. किटसन कंपनीचं ए क्लास टँक इंजिन, आठ चालक चाकं आणि मागे चार लहान चाकं, एका आसावर फक्त पाच टन वजन पडेल असा हिशोब ही लाइन बांधणाऱ्या इंजिनिअर कॅलथ्रॉपने इंजिनापासून डब्यापर्यंत सगळ्यालाच लावला होता म्हणून हलक्या रुळांवर पण भागायचं. आणि मॉडेलवाल्यांसाठी मोठी गोष्ट म्हणजे या लाइनच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिमी, एचओ म्हणजे मॉडेलच्या १:८७ मापात जवळपास पावणेनऊ मिमी, म्हणजे बाजारात मिळणारा ९ मिमीचा एन गेज ट्रॅक सरळ चालतो!

डब्ल्यूपीचं, म्हणजे भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेजवरच्या वाफेच्या पॅसेंजर इंजिनाचं, तसं नाही. ते गोल नाक आणि त्यावरचा तारा कितीही देखणा असला तरी १६७६ मिमीचं ब्रॉडगेज एचओत सव्वाएकोणीस मिमी होतं आणि रेडीमेड ट्रॅक साडेसोळाचा, मग इंजिन अंगाने रुंद आणि चाकं आत दबलेली, बघवत नाही.

माथेरानची ओरेनस्टाइन कोपेलची इंजिनं पण हवीत, वळणावर बाजूला सरकणाऱ्या आसांसकट. पण आधी बार्शी. कोणी थ्रीडी प्रिंटवर काम करत असेल तर इथेच सांगा, मी पहिला गिऱ्हाईक.