आत येऊन भांडा

आज लताबाईंचा जन्मदिवस, म्हणून सकाळी शाळेच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या. जन्म १९२९चा, आपल्या इंदूरचा, शिख मोहल्ल्यातला. त्या घराच्या जागी आता कपड्यांचं दुकान आहे, हे ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक. मी पुढे एवढंच लिहिलं की दुकानदाराने निदान आत बाईंचं म्यूरल तरी लावलंय, सरकारं मात्र या रंगाची आली, त्या रंगाची आली, त्या जागेचं कुणाला काही सुचलं नाही. दहा मिनिटांत 'हा मेसेज ॲडमिनने डिलीट केला'. खाली आमच्या अण्णाचे जोडलेले हात आणि 'ग्रुपवर राजकारण नको प्लीज'.

त्याच्याच वर एकाने मेणबत्त्या लावलेला केक टाकला होता. 'लतादीदींना उदंड आयुष्य लाभो.' बाई २०२२च्या फेब्रुवारीत गेल्या. तो केक राहिला. माझ्या ओळी गेल्या.

डोकंच फिरलं भिया.

हा नियम २०१९पासूनचा. मान्य, त्या निवडणुकीत ग्रुपवर जे झालं ते घाणेरडं होतं, दोघं आईबापावर गेले आणि एक जण जो बाहेर पडला तो अजून आला नाही. पण तेव्हापासून तिथे उरलंय काय? गुड मॉर्निंग. गुलाबाचं फूल. गुडघेदुखीवर मेथीचे दाणे. कुणाच्या तरी मुलाला कॅनडाचा व्हिसा मिळाला, अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन. चाळीस माणसं शाळेपासून एकमेकांना ओळखतात आणि बोलतात अशी, जशी डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये बसली आहेत.

मागच्या लोकसभेचंच घ्या. २०२४. आपल्या इंदुरात काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला. अख्ख्या देशात चर्चा. १३ मेला मतदान झालं आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली. जिंकणारा पावणेबारा लाखांनी जिंकला आणि दुसऱ्या नंबरवर नोटा! असं काही या शहरात आपल्या हयातीत घडलं होतं का? आणि आमच्या ग्रुपवर? आदल्या दिवशी मातृदिन होता. दोन दिवस आयांचे फोटो चालले होते. मी नोटा दाबलं होतं, आज सांगतो. ज्याला शिव्या द्यायच्या त्याने द्याव्या. तेव्हा एकानेही विचारलं नाही, याचाच मला जास्त राग आहे.

आता ती झांकीवाली रात्र सांगतो. जुन्या मंडळींना पाठ आहे, तरी ऐका.

अनंत चतुर्दशी. साल ९६ की ९७, बंड्या म्हणतो ९५. आम्ही जेल रोडला 'दाढी' म्हणतो त्या मित्राच्या दुकानाच्या ओटल्यावर, रात्रीचे दोन वाजून गेलेले, समोरून मिलच्या झांक्या, म्हणजे विसर्जनाचे रोषणाईचे चित्ररथ, चाललेल्या. मिल बंद पडलेल्या, पण झांक्या निघत होत्या. पगार नाही, हिशोब नाही, आणि कामगार वर्गणी गोळा करून बल्ब लावतायत, कालियामर्दन हलवतायत. बंड्याचे बाबा त्यातलेच. त्यांची मिल बंद झाली तेव्हा बंड्या अकरावीत होता. आणि आमचा दाढी, शाखेत जाणारा, तोंडात शेव भरून म्हणाला की मिल तुमच्या युनियनवाल्यांनीच बुडवल्या.

बंड्या उठला. 'तुझ्या ओटल्यावर पुन्हा पाय ठेवला तर नाव बदलीन' म्हणाला आणि चालू पडला. परदेशीपुऱ्यापर्यंत, पायी. दाढी त्याच्या मागे, लूना ढकलत. ढकलत, कारण चालणाऱ्या माणसाशी चालत्या गाडीवरून भांडता येत नाही. आणि त्याच्या मागे मी, हातात तिघांच्या वाटणीचा भुट्ट्याच्या किसाचा दोना. मालवा मिलच्या चौकापर्यंत मी एकट्यानेच संपवला.

सांगायचा मुद्दा असा, की दाढी घरी गेला नाही. त्याचं घर उलट्या दिशेला होतं. तो मागे गेला, कारण त्याचं बोलणं पुरं झालं नव्हतं.

अण्णा म्हणतो, तेव्हा काळ वेगळा होता. कसला वेगळा? १९८९मध्ये याच शहरात कर्फ्यू लागला होता, आपण दहा-बारा दिवस दाराबाहेर पाय टाकला नव्हता, विसरलास? लोक तेव्हाही काही संत नव्हते. फरक एवढाच की समोरच्याचा चेहरा दिसायचा. डोळ्यात पाणी आलं की माणूस अर्ध्या वाक्यात गप्प बसायचा. फोनवर अंगठ्याने भांडताना ते होत नाही, हे अण्णाचं म्हणणं बरोबर आहे. चला, दिलं.

पण मग भेटल्यावर तरी भांडा ना! भेटतो कुठे, तर 'सानंद' या आपल्या मराठी संस्थेच्या नाटकाला. मध्यंतरात बोलतो कशावर, तर पार्किंगवर. बीआरटीएस, म्हणजे बसचा वेगळा रस्ता, तोडायला घेतला त्यावर बोलायचं नाही, ते राजकारण. राजवाड्यावर खड्डा आहे, तेही राजकारण. सराफ्यात पाय ठेवायला जागा नाही म्हणालो तर बायको कोपराने ढोसते. तिकडे नगरसेवकाचा साडू बसलेला असतो.

आणि गाणंसुद्धा आता राजकारणात गेलं. २०२४च्या डिसेंबरात दिलजीत दोसांझ आला होता इथे. माझी लेक गेली होती. बाहेर विरोध, दारू नको, मांस नको, पोलीसच पोलीस. आत त्याने तो कार्यक्रम राहत इंदौरींना अर्पण केला आणि त्यांचा शेर म्हटला. राहतसाहेब म्हणजे आपले, आधी साइनबोर्ड रंगवणारे, मग कॉलेजात उर्दू शिकवणारे. पंजाबी पोरगा येऊन आपल्या गावच्या शायराचं नाव हजारो लोकांसमोर घेतो आणि पोरं बेभान होतात. मला तर रात्री व्हिडिओ बघून भरून आलं. ग्रुपवर ज्यांची मुलं गेली होती त्यांनी मुलांच्या जॅकेटचे फोटो टाकले. शेराबद्दल चकार शब्द नाही. एकाने मला वेगळा, खाजगीत मेसेज केला: 'मस्त बोलला यार.' खाजगीत! जणू आम्ही सट्ट्याचा आकडा लावतोय.

बरं, बंड्याच्या दारात काय झालं ते.

दोघं दारात उभे, आवाज चढलेला, समोरच्या चाळीत दिवे लागायला लागले. काकूंनी दार उघडलं. पदर खोचलेला, डोळ्यात झोप. मला वाटलं आता तिघांना झाडूने हाणतात. त्या म्हणाल्या, 'भांडायचं तर आत येऊन भांडा. बाहेर लोक झोपलेत.' आणि स्टोव्ह पेटवायला गेल्या.

एक खोली. खाटेवर काका, तेही जागे झालेले. तासभर दोघांचं चाललं: मंदिर, मंडल, मिल, १९६२ला या शहराने कामगारनेते होमी दाजींना खासदार करून दिल्लीला पाठवलं ते, सगळं. काका मध्ये एक शब्द बोलले नाहीत. मग काकूंनी कपबशा ठेवता ठेवता सहज सांगितलं की मी तर बाई दर वेळी ताईंनाच मत देते, आपल्यातल्या आहेत. ताई म्हणजे भाजपच्या सुमित्रा महाजन. काका लाल झेंड्याचे, आणि हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. दाढीचं तोंड असं फुललं की बंड्यालासुद्धा हसू आलं. काका उठले, पेटीतून एक कॅसेट काढली, टेपमध्ये घातली आणि म्हणाले, 'चहा दे आणखी.'

अमीर खाँसाहेबांचा मारवा. पहाटे चार वाजता.

आता दाढी गप्प बसेल? गाण्याच्या क्लासला जायचा तो. म्हणाला, 'काका, मारवा सूर्यास्ताचा राग आहे, आत्ता कसा लावता?' काका म्हणाले, 'तिसऱ्या पाळीच्या माणसाची संध्याकाळ कधी होते, सांग बरं.'

दाढीला उत्तर सुचलं नाही. आजतागायत नाही.

काका गेले. काकूही गेल्या, मागच्या वर्षी. हे लिहिताना राग थोडा उतरला, पण तेवढ्यात दुसरं आठवलं.

२५ डिसेंबर २०२३. हुकुमचंद मिल १९९१ला बंद झाली होती, तिच्या कामगारांचे पैसे ३२ वर्षांनी मोकळे झाले. २२४ कोटी, ४,८०० कामगार. आपल्या शहरातली केवढी मोठी बातमी! श्रेय कुणाचं, कोर्टाचं, सरकारचं, की तारखांना जाऊन जाऊन म्हातारे झालेल्या माणसांचं, यावर एक कडाक्याचं भांडण व्हायला हवं होतं. ग्रुपवर नाताळचं झाड होतं. बंड्या आता पिंपरीला असतो. त्याचे बाबा दुसऱ्या मिलचे, तरी त्याने त्या दिवशी त्यांचा फोटो टाकला, खाली एक अक्षर नाही. आणि चाळीस जणांनी हात जोडले. निम्म्यांना वाटलं काकांची पुण्यतिथी आहे. दाढीनेसुद्धा हातच जोडले. ज्या माणसाने परदेशीपुऱ्यापर्यंत लूना ढकलली, त्याने! नंतर फोन केला तर मला म्हणतो, 'अरे, नियम आहे ना ग्रुपचा.'

अण्णाने नियम चांगल्यासाठीच केला, हे मला कळतं. त्याला वाटतं, भांडलो की तुटू. मला वाटतं, न भांडता आपण केव्हाच तुटलोय, फक्त अजून वाढदिवसाला केक टाकतो.

असो. माझ्या भिंतीवर ॲडमिन मी आहे. इथे नोटावर भांडा, ताईंवर भांडा, दिलजीतवर भांडा, मिल कुणी बुडवल्या यावर तर अवश्य भांडा. आईबापावर गेलात तर उडवीन, बाकी काही उडवणार नाही. आणि दाढी, तू हे वाचतोयस, मला हिरवा टिपका दिसतोय. परवा तू तुझ्या पोराला सांगत होतास की खाँसाहेबांचा दरबारी मारव्यापेक्षा मोठा. त्याच रेकॉर्डची दुसरी बाजू आहे म्हणून काही बरोबरी होत नाही. मारव्यात पंचम नाही, षड्जावर नीट टेकायची सोय नाही, आणि तरी माणूस संथपणे झुमरा तालात बढत करत राहतो, हे दरबारीत कुठे आहे ते खाली लिही. सविस्तर लिही. मी जागा आहे.