ठोका साचा, गाठा शनी

माणूस न बसवता ग्रहांवर यानं धाडायची हुक्की तुम्हाला आली असेल, तर आधी एक दिवस काढून आमच्या नाशिकच्या अंबड एमआयडीसीत या. पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या प्रेस शॉपवाल्या कुठल्याही काकांना गाठा. चहा मागवून ते सांगतील, "डाय म्हणजे साचा महाग, पीस स्वस्त." एवढं वहीत उतरवा आणि चहा अर्धा टाकून उठा. बसून राहिलात तर ते पुढचं विचारतील, "ऑर्डर किती पिसांची?" यान बनवणाऱ्याने या प्रश्नाच्या वाटेला जायचं नसतं.

मग घराणं काढा. एकट्या यानासाठी हात पसरला की उधळपट्टी दिसते. सामायिक सांगाडा आणि त्यावर सहा-सात यानं म्हटलं की काटकसर. १९८३ मध्ये नासाच्या सल्लागार समितीने एकदम दोन घराणी सुचवली होती. जवळच्या ग्रहांसाठी 'प्लॅनेटरी ऑब्झर्व्हर', लांबच्यांसाठी 'मरिनर मार्क टू'. नुसती नावं ऐकूनच पैसे वाचल्यासारखं वाटतं.

जवळच्या घराण्याला सांगाडा उसना घ्या. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या दळणवळण आणि हवामान उपग्रहांचा चालेल. पंचवटी-सातपूर करणारी सिटीलिंक बस तशीच काढायची आणि केदारनाथला न्यायची. फार तर स्वेटर घालायचा. 'मार्स ऑब्झर्व्हर' असाच २५ सप्टेंबर १९९२ रोजी निघाला. पृथ्वीजवळच्या उपग्रहाचं इंजिन उड्डाणानंतर थोड्याच दिवसांत काम उरकतं. मंगळाची वाट अकरा महिन्यांची. एवढ्या वेळात ऑक्सिडायझरची, म्हणजे इंधन जाळायला लागणाऱ्या रसायनाची, वाफ झडपांमधून झिरपून थंड नळ्यांत साचली असावी आणि टाक्यांवर दाब देताच इंधनाशी भिडून नळी फुटली असावी, असा चौकशी समितीचा कयास. नेमक्या त्याच वेळी धक्क्याने बिघडू नये म्हणून रेडिओ बंद ठेवला होता. २१ ऑगस्ट १९९३, मंगळ तीन दिवसांवर. त्यानंतर यानाचा आवाज कोणी ऐकला नाही. स्वस्ताईच्या या पहिल्या अपत्याचं बिल ८१.३ कोटी डॉलर झालं, आणि घराण्यात दुसरं मूल झालंच नाही. बिल जपून ठेवा, फाइलला वजन येतं.

लांबच्या घराण्याला जुळं होऊ द्या. एक धूमकेतूला भेटणारं 'क्राफ', दुसरं शनीचं 'कॅसिनी'. सांगाडा एक, खर्च निम्मा-निम्मा. मग १९९२ मध्ये पैशाला कात्री लागली की एक जुळं रद्द करा. उरलेल्याचे कॅमेरे वळवणारे फिरते मंचही काढून टाका आणि उपकरणं अंगालाच घट्ट बोल्ट करा. म्हणजे फोटो काढायला अख्खं यान वळवायचं, आणि काढलेला फोटो पृथ्वीला पाठवायला पुन्हा अख्खं यान वळवायचं. मान आखडलेल्या माणसाला हाक मारून बघा, कल्पना येईल.

कॅसिनी चाललं, हे मान्य. चाललं कसलं, २००४ ते २०१७ शनीभोवती १३ वर्षं काढली. हिशोबाने पावणेदोन साडेसात्या! आपल्याकडे एकीतच माणूस त्र्यंबकेश्वर गाठतो. पण पीस निघाला एकच, आणि डायचा सगळा खर्च त्याच्याच डोक्यावर.

काही लोक अशा कामात खोडा घालतात, त्यांच्यापासून लांब राहा. युरोपवाल्यांनी २००३ मध्ये 'मार्स एक्स्प्रेस' उडवलं आणि त्याच आराखड्यावर २००५ मध्ये 'व्हीनस एक्स्प्रेस'. शुक्रावर ऊन मंगळाच्या जवळजवळ चौपट, म्हणून सौरपट्ट्या लहान केल्या, उष्णतेचं आवरण बदललं, झालं काम. आपल्या इस्रोनेही 'आय-१के' हा हाताखालचा उपग्रह-सांगाडा सुधारून ४५० कोटी रुपयांत मंगळयान पोचवलं. आधी एक करून बघायचं, जमलं तर तेच पुन्हा वापरायचं. घराण्याची पत्रिका नाही, रंगीत तक्ता नाही. अशाने समित्यांनी जगायचं कसं?

सुटे भाग मात्र टाकू नका. ऑब्झर्व्हरच्या उपकरणांचे जास्तीचे नग पुढे १९९६ मध्ये 'मार्स ग्लोबल सर्व्हेयर'वर चढून मंगळाला गेले आणि वर्षानुवर्षं राबले. तुमचे इथे विकायचे म्हणाल, तर अंबड लिंक रोडचा भंगार बाजारही महापालिकेने उठवलाय. माळ्यावर ठेवा.